चकचकीत की रेघांचे?

वस्तू घ्यायची तर ती चकचकीत असावी, याबद्दल आमच्या लहानपणी घरात दुमत नव्हते. भांडे घासले की चकाकले पाहिजे, कंदिलाची काच पुसली की लखलखली पाहिजे, आणि पाहुण्यांपुढे ठेवायचा पेला तर असा हवा, की पाणी पिता पिता पाहुण्याने त्यात आपली मिशी पाहून घ्यावी. चकाकणे म्हणजे नवे असणे आणि नवे असणे म्हणजे चांगले असणे, इतके ते सोपे गणित होते. घासूनही जी वस्तू चकाकत नसे ती ‘काळवंडली’ म्हणून मागच्या फळीवर जाई.

अलीकडे मात्र बाजारात फेरफटका मारला की वाटते, महागाच्या वस्तू चकाकायला लाजू लागल्या आहेत. सराफाच्या दुकानात मॅट बांगड्या असतात. त्यांच्यावरचे सोने नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसते. फ्रिजच्या दारात आता तोंड दिसत नाही. मोटारीसुद्धा धूळ बसल्यासारख्या रंगाच्या निघाल्या आहेत, आणि त्या रंगाला जास्त पैसे पडतात म्हणे! पूर्वी चकाकी विकत घ्यावी लागे, आता ती काढून टाकण्याची मजुरी द्यावी लागते. काळाचा महिमा, दुसरे काय!

हा प्रश्न मी असा दुरून, गमतीने पाहत होते. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तो एका मनगटी घड्याळाच्या पोलादी पट्ट्यावर बसून थेट आमच्या घरात आला, आणि त्याने घरातली माणसे दोन बाजूंना उभी केली.

आमचे घर जिते गावातले. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर आपटा सोडले की जिते लागते. पुढे हमरापूर आणि मग पेण. हा सारा पट्टा गणपतीचा. पेणच्या गणेशमूर्ती महाराष्ट्रात घरोघर जातात, समुद्रापलीकडेही जातात. पण त्यांतल्या कितीतरी घडतात त्या आजूबाजूच्या हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांतल्या कारखान्यांत. ‘कारखाना’ म्हटल्यावर धुराडे आणि भोंगा डोळ्यांपुढे आणू नका. पत्र्याची लांब शेड, फळ्यांच्या मांडण्या, त्यांवर ओळीने बसलेले पांढरे गजानन, कोपऱ्यात साचे, आणि साऱ्यावर पसरलेली पिठासारखी धूळ, असा हा कारखाना. आमचा दादा चाळीस वर्षे असा एक लहानसा कारखाना चालवतो. मी लग्न होऊन ठाण्याला गेले, तिथल्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण माहेर अजून जित्यालाच आहे.

दादाला साठ वर्षे पूर्ण व्हायची होती. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बोटीवर इंजिनियर आहे. वर्षातले सहा-सात महिने तो पाण्यावर असतो. बापाच्या साठीला काय द्यावे याचा त्याने फार विचार केला आणि शेवटी घड्याळ द्यायचे ठरवले. तेही साधेसुधे नव्हे, चांगले स्वित्झर्लंडचे, किंमत लाखाच्या वर. एके रात्री त्याने मला दोन छायाचित्रे पाठवली आणि मागोमाग फोन केला.

“आत्या, घड्याळ एकच आहे. तबकडी तीच, यंत्र तेच. फक्त चेन दोन तऱ्हेची मिळते. एक आरशासारखी चकचकीत आणि एक ब्रश केलेली, बारीक रेघांची. तू सांग, कुठली घेऊ? बाबांना एवढ्यात बोलू नकोस.”

मी म्हटले, “अरे, एवढे लाखाचे घड्याळ निवडलेस, आणि चेनपाशी येऊन अडलास?”

तो म्हणाला, “घड्याळ आत चालतं. दिसते ती चेनच.”

हे अगदी खरे होते. पोलादाच्या अशा घड्याळात नजर आधी जाते ती पट्ट्याच्या कड्यांवर. मनगट हलले की प्रकाश त्यांच्यावरून घरंगळतो. तो कसा घरंगळावा, एवढाच या दोन तऱ्हांतला फरक. माझ्यातली विज्ञानाची शिक्षिका जागी झाली, आणि पुढचे काही दिवस मी या विषयाच्या मागे लागले.

दोन्ही चेनांचे पोलाद एकच असते. अशा घड्याळांना बहुधा ३१६ एल नावाचे न गंजणारे पोलाद वापरतात. त्यात लोखंडाच्या जोडीला क्रोमियम, निकेल आणि थोडे मॉलिब्डेनम असते. चकचकीत चेन घडवताना कड्या आधी भरड आणि मग अधिकाधिक बारीक कणांनी घासतात आणि शेवटी कापडाच्या किंवा नमद्याच्या फिरत्या चाकावर पॉलिशचा लेप लावून घोटतात. पृष्ठभाग इतका सपाट होतो की त्यावर पडलेले किरण शिस्तीने एकाच बाजूला परततात. म्हणून त्यात तोंड दिसते. दुसऱ्या तऱ्हेत घोटणे नसते. फिरत्या खरखरीत पट्ट्यावर कडी एकाच दिशेने धरतात, आणि तिच्यावर केसाहून बारीक, एकमेकींना समांतर अशा असंख्य रेघा उमटतात. किरण त्यांच्यावर आपटून थोडे इकडे, थोडे तिकडे पांगतात. पोलाद उजळते, पण डोळे दिपवत नाही.

हे वाचून ज्यांना काही बोध झाला नसेल त्यांनी आपल्या आजोळचे अंगण आठवावे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हाताच्या बोटांचे अर्धगोल उठत. पुढे सकाळचे तिरपे ऊन आले की ते सारे अंगण मंदपणे उजळे. ती रेघांची तऱ्हा. आणि दिवाणखान्यातली, पाय घसरेल अशी गुळगुळीत घोटलेली फरशी, ती चकचकीत तऱ्हा. सारवलेल्या जमिनीवर पोराने भोवरा खेळला तरी कुणाला कळत नसे. घोटलेल्या फरशीवर मात्र खुर्ची ओढली की घरातले वडील माणूस आतून ओरडे.

घड्याळाचेही तसेच. मंद चेनेवर रोजचे बारीकसारीक ओरखडे पडतातच, पण ते आधीच्या रेघांत मिसळून जातात. आरशासारख्या कडीवर पहिल्याच आठवड्यात टेबलाच्या कडेचा हिशेब लिहिला जातो. पुष्कळांना वाटते, रेघांची चेन अधिक कणखर असते. तसे काही नाही. धातू तोच, तेवढाच मऊ. ती ओरखडे टाळत नाही, पोटात घालते. तेही सगळे नव्हेत बरे! रेघांच्या दिशेने गेलेला ओरखडा दिसत नाही; आडवा गेला तर असा उठून दिसतो, की विचारू नका. आणि दोन्ही तऱ्हांत सगळ्यांत आधी मार खाते ते मनगटाखालचे बक्कल, कारण लिहिताना, जेवताना, हिशेब करताना तेच टेबलावर घासते.

मग चकचकीत चेन ओरखडली तर पुन्हा पॉलिश करून आणावी, असे तुम्ही म्हणाल. आणता येते. पण त्यातली मेख आपल्याकडच्या बायकांना कुणी समजावून द्यायला नको. आमच्या घरी आजीच्या लग्नातला पितळी तांब्या आहे. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून तो आम्ही लखलखीत करीत असू. त्याच्या गळ्याखाली नाव आणि साल कोरलेले होते. आज बोट फिरवले तर काहीतरी होते एवढेच लागते. अक्षर लागत नाही. घासणे म्हणजे चकाकी लावणे नव्हे, थोडीशी वस्तू काढून टाकणे होय. पोलादाच्या कडीला कारागिराने दिलेली धारदार कड दर पॉलिशबरोबर थोडी थोडी गोलावते, आणि एक दिवस घड्याळ चकचकीत राहते पण त्याचा चेहरा हरवतो. म्हणून जाणते लोक जुने घड्याळ फार पॉलिश करू देत नाहीत.

या दोन तऱ्हांचा मोठ्या दुनियेतला इतिहासही मजेचा आहे. पोलाद हा गरिबाचा धातू आणि सोने श्रीमंताचा, हा जुना रिवाज. १९७२ साली स्वित्झर्लंडच्या ऑदमार पिगे या पेढीने पोलादाचे एक घड्याळ काढले आणि त्याची किंमत सोन्याच्या घड्याळांनाही लाजवील अशी ठेवली. त्याचा आराखडा जेराल्ड जेंटा या कारागिराचा. त्याने पाणबुड्यांच्या शिरस्त्राणासारखे आठ स्क्रू घड्याळाच्या तोंडावर उघडे ठेवले आणि सारे पोलाद बारीक रेघांचे केले. मात्र जिथे दोन पृष्ठभाग भेटतात तिथली अरुंद कड आरशासारखी घोटली. म्हणजे मैदान मंद आणि बांध चकचकीत! लोकांनी आधी नाके मुरडली, पुढे तेच घड्याळ रुबाबाची खूण झाले. रोलेक्सच्या बुडी मारणाऱ्यांसाठी केलेल्या घड्याळाची चेन वरून रेघांची असते, तर १९४५ साली निघालेल्या त्यांच्या ज्युबिली पट्ट्यात मधल्या बारीक कड्या चकाकतात. कामाच्या घड्याळाला मंद आणि समारंभाच्या घड्याळाला झळाळी, असा तो संकेत.

जपानी लोकांची कथा आणखी वेगळी. ग्रँड सायको घड्याळांवर आरशासारखी जी निखळ सपाटी असते, तिच्या घोटाईला ते ‘झारात्सु’ म्हणतात. शब्द ऐकून वाटावे, एखाद्या जुन्या समुराई विद्येचे नाव असेल. प्रत्यक्षात घोटाईचे यंत्र बनवणाऱ्या ‘सालाझ’ या युरोपीय नावाचा तो जपानी उच्चार! आमच्या कारखान्यातली पोरे पॉलिश पेपरला ‘पालिस’ म्हणतात, त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना जपान्यांविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

आणि परदेशाचे तरी कशाला? पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तांब्याचे घंगाळ किंवा हंडा घडवून झाला की तांबट त्यावर हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी देत जातात. त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, आणि अंगभर उठलेल्या लहान लहान चकत्यांवर प्रकाश चमकून चमकून जातो. पुढे विहिरीच्या काठावर हंड्याला एखादा पोचा पडला तरी तो त्या चकत्यांत पचून जातो. वापराची वस्तू कशी सजवावी, हे आपल्याकडच्या कारागिरांना स्वित्झर्लंडने शिकवायची गरज नव्हती.

एवढी सारी विद्या गोळा करून मी भाच्याला निकाल कळवला: रेघांची घे. दादाचा हात दिवसभर साच्यांत आणि पॉलिश पेपरात. त्या हातावर आरसा किती दिवस टिकणार?

भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मला चकचकीतच घ्यावी असं वाटतंय, आत्या.”

“का रे?”

“चकचकीत असली तर बाबा ती घालून शेडमध्ये जाणार नाहीत.”

आता मला कळले, हा नुसता घड्याळाचा प्रश्न नव्हता. दादाला दोन वर्षांपासून खोकला होता. प्लास्टरची मूर्ती साच्यातून निघाली की तिचे सांधे, कडा, फुगे पॉलिश पेपरने घासून काढावे लागतात. आधी भरड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. कागदाचा नंबर जितका वाढतो तितकी धूळ हलकी होते, आणि जितकी हलकी तितकी ती छातीत खोल जाते. डॉक्टरांनी साफ सांगितले होते, की धूळ बंद करा. दादा तोंडाला पंचा बांधून पुन्हा घासायला बसे. पोरगा दूर समुद्रावर, आणि वहिनींचे कोण ऐकतो! तेव्हा मुलाने बापाच्या हाताला एक चकाकती बेडी घालायचा बेत केला होता. लाखाची वस्तू हातावर असली की माणूस आपोआप हात सांभाळतो, हा त्याचा हिशेब. वहिनीही त्याच बाजूच्या. त्यांना पुढच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नात दादाने ते घड्याळ घालून मांडवात मिरवायला हवे होते. “आयुष्यभर धुळीत बसले,” त्या मला म्हणाल्या, “आता चारचौघांत जरा चमकू देत की!”

मला हे पटत होते आणि पटत नव्हते. चकचकीत घड्याळ आले की दादा शेडमध्ये जायचा थांबेल की घड्याळ कपाटात जाऊन बसेल? मी माझ्या भावाला ओळखते. आमच्या नानांचे एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ त्याच्याकडे आहे. एचएमटी ही सरकारी कंपनी १९५३ साली स्थापन झाली आणि १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला घड्याळे करू लागली. रोज किल्ली द्यायचे ते साधे घड्याळ त्या काळात शिक्षकांच्या, कारकुनांच्या हातावर सर्रास दिसे. नाना प्राथमिक शाळेत शिक्षक. कोकणातल्या घामाने आणि पावसाने चामड्याचा पट्टा दर वर्षी कुजे, म्हणून त्यांनी पुढे स्प्रिंगची, ताणली की लांबणारी चेन बसवली. ती हातावरचे केस उपटी, म्हणून नाना घड्याळ काढताना चेहरा वाकडा करीत आणि आम्ही मुले हसत असू. ती चेनही चकचकीत होती, पण तिची चकाकी मुलाम्याची. पेणच्या बाजूची खारी हवा लागून दोन वर्षांत मुलामा उडाला आणि खालचे पितळ उघडे पडले. तरी नानांनी ते घड्याळ निवृत्तीपर्यंत हातावरून उतरवले नाही. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. नानांचे घड्याळ मात्र किल्ली दिली की अजून चालते. आमच्या घरात घड्याळ म्हणजे हातावर असायची वस्तू, ही समजूत तिथून आलेली. कपाटात ठेवलेले घड्याळ दादाला बंद पडल्यासारखेच वाटले असते.

शेवटी मी म्हटले, ज्याच्या हातावर ते बसायचे त्यालाच विचारू. नवरात्र आटोपल्यावर भाचा सुटीवर आला. त्याच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन्ही तऱ्हांच्या दोन-दोन कड्या दाखवायला दिल्या होत्या. मी दिवा-रोहा गाडीने जित्याला उतरले, आणि संध्याकाळी ओटीवर आम्ही चौघे बसलो. दादाने आधी आढेवेढे घेतले. “एवढ्या पैशांत शेडवर नवे पत्रे येतील,” वगैरे. मग चष्मा लावून त्याने कड्या हातात घेतल्या.

चकचकीत कडी त्याने उलटसुलट केली, अंगठा फिरवला, आणि मान डोलावली. “काम चांगलंय. कुठं भोवरा नाही.” मग रेघांची कडी घेतली आणि लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली.

“ह्याच्यावर तर रेघा राहिल्यात.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मी माझ्या सगळ्या विद्येत हे धरलेच नव्हते. चाळीस वर्षे ज्याने मूर्तीच्या गालावरची, सोंडेवरची रेघ न रेघ घासून काढली, त्याला रेघांची वस्तू म्हणजे अर्धे टाकलेले काम! त्याच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना तो मूर्ती उजेडात तिरपी धरून दाखवतो आणि एवढेच म्हणतो, “रेघ राहिली.” मग ते पोर निमूट पुन्हा कागद घेऊन बसते. रंगाचा हात बसला की राहिलेली रेघ दुप्पट दिसते, हे त्याचे रोजचे शास्त्र.

वहिनींचा चेहरा खुलला. भाच्याने चकचकीत कडी पुढे सरकवली. पण दादाने दुसरी खाली ठेवली नव्हती. तो उठून ओटीच्या कडेला गेला, दिव्याखाली कडी तिरपी धरली, हळूच फिरवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला,

“राहिलेली नाही गं ही. काढलेली आहे.”

“म्हणजे?” मी विचारले.

“बघ ना. राहिलेली रेघ कशीही जाते. ह्या सगळ्या एका दिशेनं आहेत, एकसारख्या. आणि ही कड बघ, कशी धारेवर ठेवलीय. पेपर जरा इकडेतिकडे गेला असता तर ही मेली असती. गुळगुळीत करणं सोपं असतं एक वेळ, घासत राहायचं. कुठं थांबायचं ते कळायला हवं.”

ते ऐकून मी स्वित्झर्लंड आणि जपान दोन्ही बाजूला ठेवले.

त्याने रेघांची चेन पसंत केली. पण वहिनी उठल्या नाहीत. त्या बोलल्या त्या अगदी हलक्या आवाजात, “घ्या तुम्हांला हवी ती. पण मग एक ठरवा. ही चेन घासायच्या शेडमध्ये जायची नाही. आणि ती हातावरून उतरायचीही नाही.”

दादा त्यांच्याकडे पाहतच राहिला. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या तर त्याचा अर्थ काय होतो, हे न कळण्याइतका तो भोळा नाही. भाचाही खाली बघत होता. मला वाटले, आता हा रागावणार, किंवा हसण्यावारी नेणार. तो म्हणाला, “मग घासायचं कुणी?”

“पोरं आहेत. तोंडाला नीट मास्क बांधतील, पंखा लावा, धूळ बाहेर काढायची सोय करा. तुम्ही आखणी करा.”

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. कारखान्यातले ते शेवटचे आणि अवघड काम. कोरड्या, स्वच्छ खोलीत बसून, श्वास धरून, बारीक ब्रशाने करायचे. दादाचा हात त्यात नावाजलेला, पण घासकामावर कुणावर विसंबायचे नाही या हट्टापायी आखणीला तो रात्री बसत असे. शिवाय २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आल्यापासून प्लास्टरच्या मूर्तींचा प्रश्न लोंबकळत होता. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला मुभा दिली तरी नदी-समुद्रातल्या विसर्जनावर निर्बंध घातले. शाडूच्या मूर्तींची मागणी त्याच्याकडे वाढू लागली होती, आणि शाडूला पेपरापेक्षा ओला हातच जास्त फिरवावा लागतो. धूळ थोडी तरी आपोआप कमी होणार होती. हे सारे दादाच्या मनात फिरून गेले असावे. त्याने दोन्ही कड्या भाच्याच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, “आण मग रेघांचीच.”

संक्रांतीच्या सुमारास त्याची साठी झाली. घड्याळ हातावर आले. भाच्याने त्याला निगा सांगितली: कोरड्या फडक्याने पुसायचे नाही, कारण धुळीत वाळूचा कण असतो आणि वाळू पोलादाहून कठीण, आधी पाण्याने धुवायचे, मग पुसायचे. दादा म्हणाला, “हे तू मला सांगतोस?” मे महिन्यात भाचीच्या लग्नात त्याने ते घातले, आणि मांडवातल्या दिव्यांत ते मंदच दिसले. वहिनींच्या मैत्रिणींपैकी एकीनेही त्याची किंमत विचारली नाही, याचे त्यांना थोडे वाईट वाटले. एका गृहस्थांनी मात्र दादाचा हात धरून ते बराच वेळ पाहिले. ते दागिन्यांचे कारागीर निघाले.

खोकला गेला असे नाही, पण कमी आहे. घासायच्या शेडमध्ये आता दोन पोरे बसतात. त्यांतला एक दादाइतका नसला तरी हाताचा चांगला आहे, आणि “रेघ राहिली” हे वाक्य तो आता दुसऱ्याला ऐकवू लागला आहे. भाचा अजून बोटीवरच आहे. कारखाना पुढे कोण चालवणार, हा प्रश्न घड्याळाने सुटलेला नाही. तो सुटेल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

परवा मी दिवाळीचा फराळ घेऊन गेले तेव्हा दादाचे मनगट हातात घेऊन चेन पाहिली. वर्षभरात कड्या जशाच्या तशा वाटतात. जे ओरखडे पडले ते रेघांत विरघळले आहेत. बक्कलावर मात्र एक ओरखडा आहे. चांगला लांब, नेमका आडवा.

“हा कुठला रे?” मी विचारले.

दादा पणतीची वात सारखी करू लागला. वहिनींनी आतून उत्तर दिले, “गणेश चतुर्थीच्या आधी चार दिवस, रात्री दोन वाजता, शेडमध्ये. पोरं झोपली होती आणि ह्यांना एका मूर्तीच्या कानाशी रेघ दिसली!”

मी म्हटले, “अरे, मग काढून टाक की. तुला काय अवघड? बारीक पेपर, एका दिशेनं दोन हात.”

दादाने मोठ्या आशेने वहिनींकडे पाहिले. त्या चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अजिबात नाही. तो तसाच राहू दे. दिसला पाहिजे.”